रिसर्च इंटरेस्ट बाबांनी निवडायचा नसतो

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी तिथेच जन्मलेली, सायकॉलॉजीत बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षाला, जीपीए ४ पैकी ३.६. तिला क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी करून व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात काम करायचंय. बाबांनी चार-पाच व्हीए हॉस्पिटलांतल्या सायकॉलॉजिस्टांचे क्लिनिकल इंटरेस्ट आणि रिसर्च इंटरेस्ट एक्सेलमध्ये उतरवून काढले, त्यातून न्यूरोसायकॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि वागणं-विचार यांच्या नात्याचं शास्त्र, निवडली कारण ती "डॉक्टरकीच्या जवळची आणि स्कोप असलेली" वाटली, आणि मुलीच्या नावाने तिघांना ईमेलही पाठवून दिले. मुलीला हे कळल्यापासून ती त्यांच्याशी धड बोलत नाही. त्यांचा प्रश्न असा की न्यूरो हा चॉइस बरोबर आहे ना, आणि एवढी वर्षं घालवायचीच तर सरळ एमडी, म्हणजे तिकडची डॉक्टरकीची पदवी, का नको.

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्कांची मला काळजी वाटली नाही, ३.६ वर दार बंद होत नाही. काळजी वाटली ती त्या तीन ईमेलची. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, "तिला लिहायचा कंटाळा म्हणून मीच पाठवले" असं. दादा, बावीस वर्षांच्या मुलीच्या नावाने तिच्या भावी क्षेत्रातल्या लोकांना पत्र लिहिणं ही मदत नाही हो. ज्या कामाला तिला जायचंय तिथे पेशंट आपली सगळ्यात खाजगी गोष्ट समोरच्याच्या विश्वासावर सांगतो, आणि त्या कामाची सुरुवात तुम्ही खोट्या सहीने करून दिलीत. तिचा राग मला पूर्ण पटतो. आधी तिची माफी मागा, "पण मी तुझ्या भल्यासाठीच" हे शेपूट न लावता. त्या तिघांना पुन्हा लिहायचं की नाही आणि काय लिहायचं, हे ती ठरवेल.

शिवाय ईमेल गेले ते चुकीच्या पत्त्यावर. पीएचडीचा अर्ज हॉस्पिटलला करायचा नसतो, विद्यापीठाला करायचा असतो. हॉस्पिटलातल्या बऱ्याच सायकॉलॉजिस्टांच्या नावापुढे एखाद्या मेडिकल स्कूलचं पद असतं, पण म्हणून ते स्वतः पीएचडीचे विद्यार्थी घेतात असं नाही. विद्यार्थी त्यांच्याकडे येतात ते आधी प्रॅक्टिकमला, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या सरावाला, आणि मग शेवटी एका वर्षाच्या इंटर्नशिपला, जी देशभरातल्या मॅचमधून, म्हणजे विद्यार्थी आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीक्रमांची जोडी लावून, मिळते. व्हीएच्या इंटर्नशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ते तुमच्या लेकीकडे आहे. (इकडून पुण्या-नाशिकहून मला हाच प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींनी हे वाक्य नीट वाचावं, स्टुडंट व्हिसावर ही इंटर्नशिप मिळत नाही.) जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी आता लागत नाही. चांगल्या पीएचडीत फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो, सायडीत, म्हणजे रिसर्चपेक्षा प्रॅक्टिसवर भर देणाऱ्या सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटमध्ये, बहुतेक वेळा फी आपल्या खिशातून जाते. एमडी करायचं तर एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल, पण तिला औषधं लिहून द्यायचीच नाहीत, तिला बसून बोलायचंय, मग तो विषय इथेच सोडा.

आता तुमची एक्सेल शीट. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "सैनिकांचं हॉस्पिटल म्हणजे पीटीएसडी, दिवसभर युद्धाच्या गोष्टी ऐकायच्या, म्हणून न्यूरो बरं". हा गैरसमज मी खूप जणांकडून ऐकते, तर यावर जरा थांबते. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवाचा मनावर टिकून राहिलेला आघात, हे तिथलं मोठं काम आहेच, पण व्हीएमध्ये ९० लाखांच्या वर लोक नोंदलेले आहेत आणि त्यातले कितीतरी साठी-सत्तरी उलटलेले आहेत. तिथला एक सायकॉलॉजिस्ट दिवसभर निद्रानाशाची थेरपी करतो, दुसरी पाठीच्या जुनाट दुखण्यावर काम करते, कुणी पाय कापलेल्या किंवा मणक्याला इजा झालेल्या माणसाला घरी परत जायला तयार करतं, कुणी दारू आणि ड्रग्जच्या वॉर्डात, कुणी डिमेन्शिया झालेल्या आजोबांच्या बायकोबरोबर बसतं, कुणी शेवटच्या दिवसांतल्या पेशंटजवळ. तुमच्या घरापासून फार लांब नाही अशा ईस्ट ऑरेंजच्या व्हीएमध्ये युद्धाशी संबंधित आजारांचं खास सेंटर आहे, देशात अशी तीनच आहेत, आणि तिथे गल्फ वॉरहून परतल्यावर थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा यांनी वर्षानुवर्षं हैराण झालेले लोक येतात, ज्यांच्या रिपोर्टमध्ये बहुतेकदा ठोस काही सापडत नाही. बायकाही पेशंट असतात. व्हीएमध्ये प्रत्येकाला विचारतात की सैन्यात असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का, आणि साधारण तीनातली एक बाई हो म्हणते, पुरुषांत पन्नासातला एक. हे सगळं त्या एका "पीटीएसडी" कॉलममध्ये कोंबून तुम्ही शीटमधून उडवलंत.

आणि इंटरेस्ट म्हणजे इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला भरतो तसा ब्रांचचा प्रेफरन्स फॉर्म नव्हे. ही माणसं क्लिनिकल इंटरेस्ट एक लिहितात आणि रिसर्च इंटरेस्ट दुसरा, पण बहुतेक वेळा दुसरा पहिल्यातूनच निघालेला असतो. टेरेन्स कीन यांचंच बघा, पुढे बोस्टनला गेलेले आणि या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेले व्हीएचे सायकॉलॉजिस्ट. पीटीएसडी हे निदान अधिकृत यादीत आलंच मुळी १९८० मध्ये, आणि १९८२ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर जो पेपर छापला तो एका पेशंटबद्दल होता, व्हिएतनामहून आलेल्या एकाच माणसाबद्दल, ज्याला युद्धाची ती भयंकर आठवण मुद्दाम, पुन्हा पुन्हा समोर आणायला लावून त्यांनी उपचार केले. मोठ्या चाचण्या नंतर आल्या. तुमच्या लाडक्या न्यूरोचंही तसंच, हॅरोल्ड गुडग्लास आणि एडिथ कॅप्लन बोस्टन व्हीएमध्ये मेंदूला इजा होऊन भाषा गेलेल्या पेशंटांबरोबर वर्षानुवर्षं बसले, आणि कॅप्लनबाईंचं लक्ष पेशंटला किती मार्क पडले यापेक्षा तो कसा चुकतो याकडे असायचं. चित्र दाखवून नाव विचारायची त्यांची टेस्ट आजही जगभर वापरतात. आणि न्यूरो हा जवळचा रस्ता आहे असं वाटत असेल तर पीएचडीनंतर त्यात अजून साधारण दोन वर्षांचं पोस्टडॉक, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, करावं लागतं, हे तुमच्या शीटमध्ये मला दिसलं नाही.

ज्याला प्रश्न स्वतःचा नाही तो या रिसर्चमध्ये टिकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोलाँग्ड एक्स्पोजर (आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं जायला लावणारी) आणि सीपीटी (त्या घटनेबद्दलचे विचार तपासून बदलणारी) या पीटीएसडीच्या दोन गाजलेल्या थेरपींची तुलना करणारा व्हीएचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, १७ हॉस्पिटलं, ९१६ माजी सैनिक. दोन्हींनी फरक पडला, पहिलीने किंचित जास्त, आणि तरीही दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास लोक थेरपी अर्धवट सोडून गेले. आता हे वाचून "मग ते का गेले" असा प्रश्न ज्या पोराला झोपू देत नाही तो रिसर्चर होतो. तुमच्या मुलीला असा कुठला प्रश्न पडलाय हे तुम्ही तिला कधी विचारलंय का? कारण पत्राच्या पार शेवटी तुम्ही लिहिलंय की ती दोन वर्षं दर रविवारी तुमच्याकडच्या व्हेटरन्स होममध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात, जाते, "तिथल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला, टाइमपास". दादा, अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती हीच आहे आणि तुम्ही तिला टाइमपास म्हणताय. जी मुलगी कुणी न सांगता दोन वर्षं म्हाताऱ्या सैनिकांकडे जाते तिला कदाचित न्यूरो नको असेल, जेरोसायकॉलॉजी हवं असेल, म्हातारपणाचं मानसशास्त्र, आणि व्हीएमध्ये त्याचं काम भरपूर आहे. पण हा माझा अंदाज झाला. मीही तिच्या वतीने ठरवणार नाही.

तुमची एक भीती मला खोटी वाटत नाही. "माणसं मारून आलेल्यांसमोर माझी मुलगी एकटी बसणार" असं तुम्ही लिहिलंय. काही पेशंट खरंच तसे असतील. आपण जे केलं किंवा जे थांबवू शकलो नाही ते मनातून जात नाही, याला तिथे मॉरल इंज्युरी म्हणतात आणि बोस्टन व्हीएचेच ब्रेट लिट्झ यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये त्यावर सविस्तर मांडणी केली, त्यानंतर त्यावर खूप काम झालं. अशा माणसासमोर बसणं जड असतं, ऐकणाऱ्यालाही ते घरी येऊन छळतं. पण ती एकटी नसेल, शिकताना प्रत्येक केसवर सुपरवायझर असतो, आणि १९४६ मध्ये दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्यांसाठी व्हीएने विद्यापीठांना बरोबर घेऊन सायकॉलॉजिस्ट घडवायला सुरुवात केली तेव्हापासून हे शिकवण्याचा त्यांचा अनुभव आहे, देशात सगळ्यात जास्त सायकॉलॉजिस्ट तिथेच ट्रेन होतात. तिला झेपेल का, हा प्रश्न योग्य आहे. तो तिला विचारा, आणि तिचं उत्तर पूर्ण ऐका, मध्ये न बोलता.

पीएचडीला लगेच नाही मिळालं तर दोन वर्षं रिसर्च असिस्टंट म्हणून काम करायचं तिच्या मनात आहे आणि ती वर्षं तुम्हाला वाया वाटतात. वाया नाहीत. क्लिनिकल पीएचडीला जागा कमी असतात, खूप मुलं आधी असं काम करूनच जातात, आणि व्हीएमधल्या अभ्यासांना पेशंट बोलावणारे, मुलाखती घेणारे, डेटा नीट ठेवणारे लोक लागतातच. ईस्ट ऑरेंजला अशी जागा निघाली तर घरून जाता येईल. अर्ज तिने करायचा, तुम्ही फार तर गाडी द्या.

तिला काही विचारायचं असेल तर तिने मला स्वतः लिहावं, मराठीत किंवा इंग्रजीत, कसंही. त्या रविवारच्या म्हाताऱ्यांपैकी कुणाची कुठली गोष्ट तिच्या डोक्यातून जात नाही ते लिहिलं तरी पुरे, पुढचं आम्ही दोघी बोलू. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचायचं नाही.