बदली होऊन वाळपईला जातोय. ते शहर आहे की खेडं?

नगरपालिका असली तरी वाळपई ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शेतकरी-बागायतदारांची बाजारपेठ आहे, त्यामुळे मोठं खेडं धरूनच या. मी इथेच राहतो. तालुक्याची कचेरी, बँक, औषधं, खत, सगळ्यासाठी आसपासच्या गावांतली माणसं इथेच उतरतात. बाजाराचा दिवस मंगळवार. त्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) केळी, नारळ आणि गावठी भाजी मिळते. दुपारपर्यंत चांगला माल उचललेला असतो. मार्च ते मे काजूचा हंगाम. तेव्हा बोंडांचा वास हवेतच असतो, बिया विकायला पोती घेऊन रांग लागते, आणि बाजारात काजूच्या दराशिवाय दुसरा विषय निघत नाही. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सुमाराच्या सणात, मात्र कामं लवकर होतील अशी आशा ठेवू नका. भाषेची अडचण येणार नाही: घरात कोंकणी, पण भजन, नाटक आणि वर्तमानपत्र मराठी. एकच गोष्ट, पावसाळा. सह्याद्री जवळ असल्याने पाऊस किनाऱ्यापेक्षा दणकून पडतो, वीज जाते, कपडे वाळत नाहीत. पणजी सुमारे ४५ किलोमीटर. रोज ये-जा करण्यापेक्षा इथेच खोली घ्या.