व्हायोलिन ऐकू येत नाही? आधी गिटार बघा

प्रश्न : आमच्या गावच्या पोट्ट्यांचा मेटल बँड आहे. स्नेहसंमेलनात चार व्हायोलिन, बँड पार्टीतले दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट आणि भजनी मंडळाची पेटी सोबत घेणार आहोत. सरावात व्हायोलिन ऐकूच येत नाहीत. साउंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी येते. माइक बदलावेत का?
– वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : माइकचं नंतर. डिस्टॉर्शनवरची (आवाज मुद्दाम खरखरीत केलेली) गिटार उपस्वरांनी साधारण 200 ते 5000 हर्ट्झची जागा भरून टाकते. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार 196 हर्ट्झची, म्हणजे त्याला राहायला जागाच उरत नाही. गेन (ही खरखर वाढवणारं बटण) 8 वर असेल तर 5 वर आणा. दोन्ही गिटारी तेच वाजवत असतील तर व्हायोलिनच्या ओळीवेळी एकीला थांबवा.

रिफमध्ये (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत) सा आणि प एवढेच ठेवा, गंधार व्हायोलिनला द्या. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या बेरीज-वजाबाकीचे जादा सूर तयार होतात. सा-पचे जादा सूर बऱ्यापैकी जुळतात, गंधाराचे जुळत नाहीत आणि सगळा चिखल होतो.

आता शिट्टी. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की ती येते. लांब उभ्या माइकला व्हायोलिनपेक्षा ड्रमच जास्त ऐकू येतो, त्यामुळे तो माइक वाढवला की ड्रमच वाढतो. व्हायोलिनला क्लिप माइक लावा, 180 हर्ट्झच्या खालचं कापा आणि मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) व्हायोलिन कमीत कमी द्या. ड्रम मागच्या एका कोपऱ्यात, व्हायोलिन समोर दुसऱ्या टोकाला. गिटारचा अ‍ॅम्प व्हायोलिनवाल्यांच्या पाठीशी ठेवू नका, आडवा वळवा. माइक लावलेला 20-30 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प गावच्या मैदानाला पुरतो. 100 वॅटचा फक्त ऐटीला.

एक गोष्ट सरावाच्या छोट्या खोलीत कळत नाही. आवाज 10 मीटर जायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 160 ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग असतो 94 मिलिसेकंदांचा. मोठ्या स्टेजवर टोकाचा वादक कानावर विसंबला तर मागे पडणारच. ड्रमर आणि हाताने लय दाखवणारा (कंडक्टर), दोघांच्या कानात एकच क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, द्या. बाकीच्यांनी हाताकडे बघून वाजवायचं.

प्रश्न : गिटार अर्धा सूर उतरवून वाजवतो. पेटीवाले काका काळी दोन म्हणतात, ते जमतं. पण व्हायोलिनवाले कुरकुर करतात.
– वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : त्यांची कुरकुर रास्त आहे. काळी दोनच्या मायनरमध्ये व्हायोलिनची एकही मोकळी तार कामी येत नाही. गिटार आणखी अर्धा सूर उतरवा, म्हणजे पांढरी दोन. तिथे व्हायोलिनच्या जी, डी, ए या तिन्ही तारा मोकळ्या वाजतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला एक पूर्ण सूर वर लिहून द्या, म्हणजे त्यांच्या कागदावर ई मायनर येईल, एकच शार्प. गिटारला 10 ऐवजी 11 नंबरच्या, म्हणजे जरा जाड, तारा लावा, नाहीतर तार ढिली पडून फडफडेल.

पेटी आधी ट्यूनरवर तपासा. ती 440 हर्ट्झपेक्षा (ए सुराच्या ठरलेल्या मापापेक्षा) चढी असेल तर गिटार चढवता येते, पण क्लॅरिनेट फारसा चढत नाही. अशी पेटी नम्रपणे बाजूला ठेवलेली बरी. काकांना गाण्यातल्या एखाद्या शांत जागी एकट्याने वाजवू द्या.

प्रश्न : असं आधी कोणी केलंय?
– वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने 24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत आपले कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांची रचना वाजवली, माल्कम अरनॉल्ड संचालक (कंडक्टर) होते. तिची स्वरलिपी पुढे हरवली. 1999 साली ध्वनिमुद्रणावरून ती पुन्हा लिहून काढावी लागली, तेव्हा तुमच्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडने एप्रिल 1999 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत दोन रात्री वाजवलं, संचालक मायकेल केमेन.

प्रश्न : मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवसांत उघड्यावर कार्यक्रम असतो. रात्री थंडी पडली की सूर का सुटतो?
– वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : कारण फुंकायची वाद्यं आणि गिटार उलट दिशेला जातात. हवा थंड झाली की आवाजाचा वेग घटतो आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट उतरतात. गिटारची पोलादी तार मात्र आकसून चढते. संध्याकाळी जुळवलेलं रात्री 10 वाजता कामाचं नाही. गिटारी अर्धा तास आधी स्टेजवर, तिथल्या हवेत ठेवा. फुंकायच्या वाद्यांत एंट्रीआधी न वाजवता कोमट श्वास सोडत राहा, नुसतं धरून बसलं की ती परत गार होतात. दुसऱ्या गाण्यानंतर निवेदकाला दोन मिनिटं बोलू द्या, तेवढ्यात सगळ्यांनी क्लॅरिनेटशी जुळवून घ्या.