सावकाराच्या खरेदीखतातून जमीन सोडवताना : वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पक्षकाराने 2014 मध्ये तीन लाखांच्या कर्जापोटी दोन एकरांचे खरेदीखत करून दिले. घेणाऱ्याकडे सावकारीचा परवाना नाही. थेट दिवाणी दावा लावावा का?

उत्तर : आधी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. अर्जाच्या तारखेपासून मागच्या 15 वर्षांत सावकाराच्या ताब्यात गेलेली जमीन यात येते. ‘फसवणूक झाली’ एवढे लिहून भागत नाही. खरेदीखत हे कर्जाचे तारण होते आणि समोरचा सावकारीचा धंदा करतो, हे दोन्ही दाखवावे लागते. दस्तातली किंमत त्या वर्षीच्या रेडी रेकनरशी (जमिनीच्या सरकारी दरांशी) ताडून पाहा. खरेदीनंतरही पीकपाहणीत पक्षकाराचेच नाव असेल, तर ते सातबारे सलग जोडा. त्यानंतर पक्षकाराने घेणाऱ्याला पैसे पाठवल्याच्या बँकनोंदी सापडल्या तर सोन्याहून पिवळे. जमीन विकणारा उलट हप्ते कशाला भरेल? धंद्याच्या पुराव्यासाठी त्याच्या नावचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा) काढा. अशीच आणखी चार खरेदीखते निघाली की ‘ओळखीत मदत केली’ हा बचाव लंगडा पडतो. आदेश विरोधात गेला तर अपिलाला एकच महिना मिळतो.

प्रश्न : परवानाधारक सावकार शेतकऱ्याकडून विनातारण एक लाखावर महिना शेकडा पाच घेतो. दोन वर्षे व्याज भरूनही मुद्दल तसेच आहे म्हणतो.

उत्तर : शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला 2014 च्या अधिसूचनेने वार्षिक 12 टक्के दर ठरवला; तारणी कर्जाला 9. चक्रवाढ चालत नाही, एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. भरले 1,20,000. सरळ व्याज 24,000 धरले तरी 96,000 मुद्दलात वळतात, बाकी फार तर 4,000. हा हिशेब अर्जासोबत तक्त्यात द्या. विनापरवाना सावकाराने वसुलीचा दावा केलाच, तर सावकारी अधिनियमाच्या कलम 13 चा (परवाना नसेल तर न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नाही) बचाव पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी जबाबात घ्या.

प्रश्न : बँकेने घरावर सरफेसीची (बँकांना न्यायालयात न जाता तारणावरून वसुली करू देणाऱ्या कायद्याची) नोटीस काढली. हाच अर्ज चालेल?

उत्तर : नाही, बँक या कायद्यात येत नाही. सरफेसीच्या कलम 13(2) च्या नोटिशीला 60 दिवसांत लेखी हरकत द्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरण गाठा. तारण शेतजमिनीचे असेल, तर सरफेसीचे कलम 31 आधी वाचा; शेतजमिनीचे तारण त्यातून वगळले आहे.