पॉवर प्रेसला वायरलेस फूट स्विच लावला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसच्या (पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या-वळवणाऱ्या मशिनच्या) फूट स्विचची, म्हणजे पायानं दाबायच्या पेडलची, केबल सारखी तुटते, म्हणून मालक ऑनलाइन मिळणारा वायरलेस सेट आणणार आहेत आणि जमलं तर इमर्जन्सीचं लाल बटणही त्यावरच घेणार आहेत. ‘मिरजेत डॉक्टर ऑपरेशनला वायरलेस पेडल वापरतात, मग आपल्यालाच काय धाड भरलीय?’ असं त्यांचं म्हणणं.

प्रेसला लावू नका. फूट स्विचही नको आणि इमर्जन्सी तर अजिबात नको. मी याच भागात पॅनेलचं काम करतो आणि मिरजेतल्या दवाखान्यांत ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) मशिनींच्या दुरुस्तीलाही जातो, त्यामुळे दोन्हीकडचा माल उघडून बघितलेला आहे.

ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला रिमोट उघडून बघा. आत एक आयसी, एक बटण आणि २३ए ची बारकी १२ व्होल्टची बॅटरी. बटण दाबलं की ४३३ मेगाहर्ट्झवर ठरलेला एकच कोड जातो, एरवी तो गप्प. रिसीव्हर उलट काही विचारत नाही. म्हणजे ‘कुणी बटण दाबलेलं नाही’ आणि ‘रिमोटची बॅटरी संपलीय’ या दोन गोष्टी त्या रिसीव्हरला सारख्याच. विहिरीवरची मोटर चालू करायला हे ठीक आहे. प्रेसवर माणसाची बोटं असतात.

मशिन चालू करणाऱ्या स्विचला भीती खोट्या सिग्नलची आणि थांबवणाऱ्या स्विचला भीती हरवलेल्या सिग्नलची. तुमचा प्रेस जुना, पिन क्लचचा असेल तर एकदा सुटलेला स्ट्रोक (वरच्या साच्याची खाली-वर फेरी) पुरा होऊनच थांबतो, मध्ये कुणाच्या बापाला अडवता येत नाही. हात डायमध्ये (साच्यात) असताना शेजारच्या गाळ्यातल्या तसल्याच रिमोटचा कोड जुळला किंवा रिसीव्हरचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) चिकटून बसला, तर पुढचं सांगायला नको. शिवाय तारेचं पेडल निदान मशिनला बांधलेलं असतं. बिनतारी पेडल कुणीतरी पायानं सरकवतं आणि ज्याला डाय दिसतच नाही अशा माणसाचा पाय त्यावर पडतो.

इमर्जन्सीचं उलटं आहे. ते बटण एनसी कॉन्टॅक्टवर (एरवी जोडलेला, दाबला की सुटणारा) घेतात, कारण तार तुटली तरी सर्किट उघडतं आणि मशिन थांबतं. म्हणजे बिघाड झाला तरी तो थांबण्याच्या बाजूनं होतो. वायरलेसमध्ये हाच गुण आणायचा तर बटणानं ‘मी आहे, मी आहे’ असा सिग्नल सतत पाठवत राहायला हवं आणि तो ठरलेल्या वेळात आला नाही की रिसीव्हरनं स्वतःहून मशिन थांबवायला हवं. मशिनींच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात बिनतारी कंट्रोलला ही अट आहेच. असे सेट मिळतात, पण महाग असतात, आणि वाट बघण्याचा तो वेळ फुकट मिळत नाही. सुरक्षित अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरला, तर थांबायला २०० मिलिसेकंद जास्त लागले म्हणजे हात ३२० मिमी आणखी आत गेला. प्रेसवर तेवढं अंतर आणणार कुठून? आणखी एक गोष्ट मला फार खटकते. बॅटरी उतरलेलं बिनतारी लाल बटण दिसायला अगदी चालू बटणासारखंच असतं. घाबरलेला माणूस तेच दाबणार. १९४८ च्या कारखाने कायद्यानेसुद्धा कलम २४ मध्ये प्रत्येक वर्करूममध्ये वीज तातडीनं तोडायची सोय असावी आणि ती चालू स्थितीत ठेवावी, असं म्हटलं होतं. लाल बटण तारेचंच ठेवा.

वायरलेस वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. फाउंड्रीतल्या ईओटी क्रेनला (वर रुळांवर चालणाऱ्या क्रेनला) मी रेडिओ रिमोटच सुचवतो. पेंडंटची (क्रेनला लोंबणाऱ्या बटणांच्या डबीची) केबल धरून ऑपरेटर लोडच्या जवळ खेचला जातो, रिमोट असला की तो लांब, मोकळ्या जागी उभा राहतो. सिग्नल तुटला तर क्रेन ब्रेक लावून थांबते. फक्त सेट घेताना डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए मान्यता बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना चालतो, पण अमेरिकेतून आणलेला ९१५ मेगाहर्ट्झवाला सेट इथं चालवता येत नाही.

आता डॉक्टरांचं. ओटीत फरशी ओली असते, चारी बाजूंनी माणसं उभी, खाली केबलींचं जंजाळ. तिथं तार काढण्यात खरोखर अर्थ आहे. ती पेडलं मशिनशी दोन्ही बाजूंनी बोलतात, प्रत्येकाची ओळख वेगळी असते, बॅटरी किती उरली ते स्क्रीनवर दिसतं. कॉटरीच्या (विजेनं कापायच्या आणि रक्त थांबवायच्या मशिनच्या) पेडलवरचा पाय उचलला किंवा सिग्नल गेला की करंट बंद, प्रश्न मिटला. पण मोतीबिंदूचं फेको मशिन घ्या. त्याचं पेडल पायऱ्यापायऱ्यांनी दाबतात: आधी डोळ्यात द्रव सुरू होतं, मग ओढणं, शेवटी अल्ट्रासाऊंड. मध्येच संपर्क तुटून सगळंच बंद झालं तर आतला दाब जाऊन डोळ्याचा पुढचा कप्पा बसू शकतो. तिथं द्रव चालू ठेवून बाकीचं थांबवणं हेच सुरक्षित. म्हणजे ‘सिग्नल गेला की काय करायचं’ याचं उत्तर प्रत्येक मशिनला वेगळं असतं आणि बनवणाऱ्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या ऑनलाइन सेटमध्ये हा विचार कुणीच केलेला नाही.

दवाखान्यातही भानगडी होतातच. शेजारी-शेजारी दोन ओटी, मावशींनी फरशी पुसताना पेडलं बाजूला ठेवली आणि परत ठेवताना अदलाबदल झाली, तर इथं दाबलं की पलीकडचं मशिन चालू. म्हणून मी पेडलला आणि मशिनला एकाच नंबरचं स्टिकर लावतो. पेशंट आत घेण्याआधी पेडल दाबून आपल्याच मशिनचा आवाज येतो का, हे बघायला आणि तारेचं पेडल कपाटात तयार ठेवायला सांगतो.

तुमचं खरं दुखणं केबल आहे, तेवढंच दुरुस्त करा. साधी पीव्हीसी केबल फेकून जाड रबरी फ्लेक्सिबल घ्या, पेडलपासून पॅनेलपर्यंत धातूच्या फ्लेक्सिबल पाइपातून न्या, दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पकडून ठेवणारा नट) घट्ट आवळा आणि पेडलला वरून लोखंडी झाकण असलेलं मॉडेल घ्या. खर्च मालकांच्या वायरलेस सेटच्या आसपासच जाईल. डायपुढचं गार्ड काढून ठेवलेलं असेल तर ते आजच्या आज लावा. क्लच पिनचा आहे की फ्रिक्शनचा ते कमेंटमध्ये कळवा. पेडलऐवजी दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं कुठे आणि किती अंतरावर बसवायची ते त्यावर ठरतं, मी वायरिंगसकट लिहून देतो.