वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर, त्याचं खोकं आणि न जुळणारा नंबर

प्रश्न : मी ५६ वर्षांची, नेरूळला राहते. वडील गेल्या दिवाळीत गेले. ठाण्याच्या नौपाड्यातली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी घर रिकामं करताना कपाटाच्या चोरकप्प्यात एक रिव्हॉल्व्हर सापडलं. स्मिथ अँड वेसन, पॉइंट २२, लांब नळीचं. वडील तरुणपणी वरळीच्या रेंजवर नेमबाजी करायचे, तेव्हाचं. सोबत मूळ पुठ्ठ्याचं खोकं, मेणकागद, छोटा स्क्रू ड्रायव्हर, नळी साफ करायची सळई, ब्रश, माहितीपत्रक आणि तीसेक काडतुसं आहेत. परवान्याचं पुस्तकही आहे, पण शेवटचं नूतनीकरण २०१७ पर्यंतचंच. सगळं गाडीच्या डिकीत घालून मी नेरूळला आणलं. मेलबर्नचा भाऊ म्हणतो, ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही, बाबांची आठवण म्हणून ठेव.’ ओळखीतून एका संग्राहकाचा फोन आला. खोकं, सळई आणि लाकडी मूठ तो आत्ताच घ्यायला तयार आहे, ‘रिव्हॉल्व्हरचं नंतर बघू’ म्हणतो. आणि एक भीती वाटते : पुस्तकातला नंबर पाच आकडी आहे, खोक्याच्या तळाशी मात्र ‘के’ अक्षरानं सुरू होणारा सहा आकडी. काय करू?

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी. रिव्हॉल्व्हर घरात ठेवू नका, आणि खोकं विकू नका. भाऊ आणि संग्राहक तुम्हाला नेमकं याच्या उलट सुचवताहेत.

भावाच्या ‘अँटिक’पासून सुरुवात करते, कारण हा गैरसमज मी कोर्ट नाक्यावरच्या ऑफिसात वर्षातून चार वेळा तरी ऐकते. एकदा एक गृहस्थ आजोबांची बंदूक चादरीत गुंडाळून, रिक्षानं, थेट माझ्या टेबलावर घेऊन आले होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, हे खरं. पण ते वाक्य पूर्ण वाचायला हवं. शस्त्र कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा नादुरुस्त असावं, *आणि* दुरुस्ती करूनही ते चालण्याजोगं नसावं. शेवटची अट सगळ्यांनाच नडते. तुमच्या वडिलांनी तेल लावून, मेणकागदात जपून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर आजही चालेल. पॉइंट २२ ची काडतुसं आजही बनतात. मूळ अवस्थेत असणं हा संग्राहकाच्या लेखी गुण, पण कायद्याच्या लेखी तीच तुमची अडचण.

क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवण्याजोग्या जुन्या शस्त्रांना परवाना लागत नाही, असं २०२० मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. भाऊ बहुधा त्यावरच बोलत असेल. पण विसाव्या शतकाच्या मध्यातलं, दुकानात मिळणारी गोळी झाडणारं चालू रिव्हॉल्व्हर त्या खान्यात बसवायचा प्रयत्न मी तरी करणार नाही. कोणा वेल्डरकडून नळी बुजवून घ्यायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. आज तसं करणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड.

परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुमची बाजू चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलालच्या खटल्यात स्पष्ट केलं की ‘बाळगणं’ म्हणजे वस्तूवर ताबा आणि त्या ताब्याची जाणीव, दोन्ही हवं. चोरकप्पा उघडेपर्यंत तुम्हाला काही माहीतच नव्हतं. वडिलांनी परवाना लॅप्स होऊ दिला, हा त्यांचा दोष होता आणि तो वारसाहक्कानं तुमच्याकडे येत नाही. पण कप्पा उघडला त्या दिवसापासून जाणीव तुमची झाली, आणि तीन आठवडे गेले आहेत. कलम २१ म्हणतं, ताबा बेकायदा झाला की ‘विनाकारण विलंब न लावता’ शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. घर रिकामं करायची गडबड, वडिलांचं वर्षश्राद्ध, ही कारणं मानण्याजोगी आहेत. आणखी तीन आठवड्यांनी ती मानली जाणार नाहीत. आणखी एक दिलासा : कलम ३ च्या भंगाचा, म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा, खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. स्वतःहून आलेल्या माणसाच्या फाइलवर सही करताना अधिकारी दोनदा विचार करतो.

आता डिकीची गोष्ट. विटावा ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्यानं तुम्ही शस्त्र एका आयुक्तालयाच्या हद्दीतून दुसऱ्यात आणलंत. झालं ते झालं. अर्जात ते लपवू नका, पण तीच चूक पुन्हा करू नका. वडिलांचा परवाना ठाण्याचा होता म्हणून रिव्हॉल्व्हर परत ठाण्याला न्यायचा विचार मनात येईल. नेऊ नका. शस्त्र आज नेरूळमध्ये आहे, म्हणून जवळचं पोलीस ठाणं नेरूळचंच. आधी लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात सापडल्याची तारीख, जागा, वडिलांचा मृत्यू दाखला, परवाना पुस्तकाची प्रत आणि कलम २१ खाली जमा करायची विनंती असू द्या. पोलिसांनी घरी येऊन पंचनामा करून शस्त्र न्यावं, अशी विनंती करा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ‘आणून द्या’ असं म्हणाले, तर ते लेखी मागा.

तुमच्या भीतीचं कारण असलेला नंबर मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परवान्यावर एक नंबर आणि शस्त्रावर दुसरा म्हटलं की पहिली शंका येते ती नंबर खोडल्याची किंवा शस्त्र बदलल्याची. कलम ८ तर नंबर खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच ते खोडलं असं गृहीत धरतं. पण तुमच्या वर्णनावरून इथं घडलंय ते बरंच साधं असावं.

या कंपनीच्या त्या काळातल्या टार्गेट रिव्हॉल्व्हरचा अधिकृत नंबर मुठीच्या तळाशी, सांगाड्यावर कोरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या या मॉडेलवर तो ‘के’नं सुरू होतो. कंपनीनं मॉडेलना आकडे द्यायला सुरुवात केली ती १९५७ मध्ये. त्यानंतर हेच मॉडेल १७ झालं. त्याआधी लोक त्याला के-२२ मास्टरपीस म्हणत, अजूनही म्हणतात. आता नेमबाजीच्या मोठ्या लाकडी मुठीचा विचार करा. ती सांगाड्याचा तळ पूर्ण झाकते. परवान्याच्या नोंदीसाठी शस्त्र तपासणाऱ्या कारकुनानं मूठ काढलीच नसणार. त्यानं सिलिंडर बाहेर काढला, आणि ज्या दांडीवर तो फिरतो तिच्याजवळच्या खाचेत दिसलेला आकडा लिहून घेतला. तो कारखान्यात भाग जुळवताना टाकलेला जुळणीचा आकडा असतो, शस्त्राचा नंबर नव्हे. ही चूक अमेरिकेतले लोकही करतात, तर साठ वर्षांपूर्वीच्या कारकुनाला काय दोष द्यायचा!

मग खरा नंबर सिद्ध कशानं करायचा? खोक्यानं. तळाशी लिहिलेला नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळला, तर हे खोकं याच शस्त्राबरोबर कारखान्यातून निघालं हे दिसतं. मूठ मूळ असेल तर तिच्या उजव्या फळीच्या आतल्या बाजूलाही बहुधा तोच नंबर असतो. म्हणजे संग्राहक जे आत्ताच मागतोय, तेच तुमच्या निर्दोषपणाचे दोन साक्षीदार आहेत. तो त्यासाठीच मागतोय असं मी म्हणत नाही. जुळणारं खोकं आणि मूठ यांची किंमत त्याला पक्की माहीत आहे, इतकंच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद झाल्यामुळे परदेशी शस्त्रांचे भाव आपल्याकडे कुठल्या कुठे गेलेत.

मूठ मात्र तुम्ही स्वतः उघडू नका. त्याच खोक्यात तिचा स्क्रू ड्रायव्हर असला, तरी नाही (तसा तो नेमाची मागची खाच सरकवायला असतो, मुठीसाठी नव्हेच). पंचनाम्याच्या वेळी शस्त्रागाराचा जाणकार किंवा परवानाधारक विक्रेता पंचांसमोर मूठ काढेल. दोन्ही नंबर, कुठला कुठे दिसला यासह, पंचनाम्यात आणि जमा पावतीत उतरवून घ्या.

बाकीच्या वस्तूंचं उत्तर सोपं. खोकं, कागद, सळई, ब्रश, स्क्रू ड्रायव्हर यांना परवाना लागत नाही. शोकेसमध्ये ठेवा, हरकत नाही. या पेटाऱ्यात आवाज दाबणारं सायलेन्सर असतं, तर कायद्यानं तेच ‘अग्निशस्त्र’ ठरलं असतं. जादा नळी किंवा सिलिंडरही तसंच. मूठ मधल्या जागी आहे. ती शस्त्राचा भाग आहे, पण किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं, ते भाग बाकीच्या भागांबरोबर वापरायचे नसतील तर. तुमचा संग्राहक ‘रिव्हॉल्व्हरचं नंतर बघू’ म्हणाला, म्हणजे मूठ पुढे त्याच रिव्हॉल्व्हरबरोबर ठेवायची, आणि ती सूट स्वतःच घालवून बसला. काडतुसं मोजून, पाकिटासह जमा करा. रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्याही.

जमा केल्यावर हक्क संपत नाही. ठरलेल्या मुदतीत तुम्ही परवाना मिळवून शस्त्र परत घेऊ शकता, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकू शकता. मुदत उलटली तर मात्र ते सरकारजमा होतं, म्हणून पावतीवरची तारीख कॅलेंडरवर लिहा. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ नुसार मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना मिळू शकतो. त्यासाठी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नवी मुंबईच्या आयुक्तालयात अर्ज करायचा. पोलीस अहवाल लागतो, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं, आणि भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल, ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून. वडिलांचा परवाना २०१७ नंतर चालू नव्हता, यामुळे तुमचा अर्ज थोडा कमजोर होतो. ते त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्हीच लिहून टाका. परवाना मिळेलच, याची खात्री मी देत नाही. ‘आठवण’ हे कारण काही अधिकाऱ्यांना पटतं, काहींना नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपील करता येतं. भावाला ते मेलबर्नला हवं असेल, तर निर्यातीचा परवाना आणि तिथला परवाना, दोन्ही त्यानं मिळवायचे. सामानात घालून न्यायचा विचारही नको.

विकायचं ठरलंच, तर तेही जमा केल्यानंतर आणि संग्राहकाचा चालू परवाना डोळ्यांनी पाहिल्यावर. त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तो तिसरं घेऊच शकत नाही, २०१९ पासून मर्यादा दोनचीच आहे. कायदेशीर ताब्यातलं शस्त्र विकणाऱ्यालाही घेणाऱ्याचं नाव-पत्ता पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, मग तुम्ही घाई कशाला करता? आणि खोकं व मूठ त्याच व्यवहारात, एकत्र द्या. वेगवेगळं विकलंत तर भाव पडतो, आणि नंबराचा पुरावा तुमच्या हातून जातो.

आज संध्याकाळी खोक्याच्या तळाचा आणि पुस्तकातल्या पानाचा फोटो काढा. रिव्हॉल्व्हरला हात न लावता. उद्या सकाळी नेरूळ पोलीस ठाण्यात जाताना पिशवीत फक्त कागद असू द्या.