काउंटर गेला की राहिला?

प्रश्न: कोथरूडला मित्राच्या घरी मॅजिक (द गॅदरिंग, कार्डांचा खेळ) खेळत होतो, माझ्या २/२ क्रीचरवर (लढणारं कार्ड, पहिला आकडा पॉवर म्हणजे मारायची ताकद, दुसरा टफनेस म्हणजे सोसायची) एक प्लस वन काउंटर (दोन्ही आकडे एकाने वाढवणारी खूण) होता म्हणजे ३/३, समोरच्याने कार्ड टाकलं की टर्न संपेपर्यंत हा क्रीचर १/१, आता तो म्हणतो काउंटरचा विषयच संपला, मी म्हणतो २/२. कोण बरोबर?

उत्तर: तूच बरोबर, मित्राला बिनधास्त सांग. पॉवर-टफनेसचा हिशोब कार्ड कुठल्या क्रमाने पडली त्यावर नाही, लेयरवर, म्हणजे नियमांनी ठरवलेल्या टप्प्यांवर, चालतो (नियम ६१३). आधी 'अमुक आकडा कर' वाले इफेक्ट लागतात आणि मगच काउंटर, प्लस-मायनस वगैरे, म्हणून १/१ आणि वर काउंटर, झाला २/२. काउंटर नंतर ठेवला असतास तरी हेच. दोन 'आकडा कर' वाले एकमेकांना भिडले तरच नंतरचा जिंकतो.

आता पुढचा वाद होणारच (पुण्यात राहतोस ना!) म्हणून हेही घे. १९९३ च्या पहिल्या सेटमधलं जायंट ग्रोथ हे कार्ड टर्नपुरतं +३/+३ देतं. साध्या २/२ वर टाकलं, ५/५ झाला, ४ डॅमेज खाल्लं, तर टर्न संपून पुन्हा २/२ झाल्यावर मरेल का? नाही, कारण क्लीनअपमध्ये (टर्नचा शेवटचा टप्पा) डॅमेज आणि बूस्ट एकाच वेळी जातात. हार्थस्टोनची (कॉम्प्युटरवरचा कार्डांचा खेळ) सवय असेल तर इथे गंडायला होतं, तिथे डॅमेज टर्न संपला तरी तसंच राहतं.