आजीने मला दारात का थांबवलं

बाळा,

काल व्हिडिओ कॉलवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, रेंज जात होती आणि मागे पावसाचा आवाज, म्हणून आता वेंगुर्ल्याच्या घरात ओटीवर बसून लिहितेय. पप्पा वाचून दाखवतील, अडलं तर त्यांना विचार. तू म्हणालास, आजीने तुला दारात का अडवलं, भाकरी तुझ्याभोवती फिरवून बाहेर का टाकली, आपण तर ख्रिश्चन आहोत ना. आणि मग हळूच म्हणालास की तू तर केनियाला लोकांना येशूबद्दल सांगायला गेली होतीस. ते हळू बोललेलं पण मला ऐकू आलं. मला आवडलं तू विचारलंस ते, कारण हाच प्रश्न मी पण आजीला विचारला होता, फक्त मी रागाने विचारला होता.

आधी काय झालं ते सांगते, मामाने फोन वाकडा धरलेला, तुला अर्धंच दिसलं असेल. नैरोबीहून मुंबई, मग रात्री कोकणकन्या, सकाळी कुडाळला उतरून रिक्षाने घरी. अंग नुसतं मोडलेलं, कधी एकदा आत जाऊन आडवी होते असं झालेलं आणि मी पायरी चढणार तेवढ्यात आतून आजीचा आवाज, "थंयच रव गो बाये, आत येव नको!" मग ती तांब्या घेऊन आली, माझ्या पायांवर पाणी घातलं, ऐंशीच्या पुढची बाई वाकून पाणी घालतेय, मला कसंतरीच झालं, मी म्हटलं आई दे मी घेते, तर तिने तांब्या दिला नाही. मग भाकरीचा तुकडा तीनदा माझ्यावरून ओवाळला आणि खळ्याच्या पलीकडे टाकला, तो लगेच कावळ्याने उचलला. आणि मग ती डोळे मिटून म्हणाली, "देवा, माझ्या चेडवाक सुखरूप हाडलंस, तुझे उपकार." हे तुला ऐकू आलं नसणार. त्यानंतर गूळ-पाणी, आणि मग मी आत.

लोक असं मानतात की लांबच्या प्रवासात माणसाला काहीतरी वाईट चिकटतं, कुणाची नजर वगैरे, ते त्या तुकड्याबरोबर बाहेर जातं. आजी हे मानत नाही. तिला मी काल परत विचारलं तर म्हणाली की माणूस दमून भागून येतं, तेका जरा थांबवूक होया, कोणतरी बघूक होया तेच्याकडे. एवढंच. म्हणजे बघ, कुणी लांबून आलं तर त्याला सरळ आत घुसू द्यायचं नाही, दारात थांबवून त्याला घरात घ्यायचं. स्वतःहून आत जाणं वेगळं आणि कुणीतरी आपल्याला आत घेणं वेगळं, मला हे समजायला चाळीस वर्षं लागली आणि केनियापर्यंत जावं लागलं.

मी लहान असताना आमच्या चर्चमधल्या काही मोठ्या माणसांना हे असलं आवडायचं नाही. जुन्या चालीरीती सोडल्या ना आपण, मग हे कशाला, असं म्हणायचे. मी कॉलेजातून पहिल्यांदा सुट्टीत घरी आले तेव्हा आजीच्या हातातला तुकडा बघून तोंडावर म्हटलं, हे अंधश्रद्धा आहे, सोड आता. ती काही बोलली नाही. तुकडा आत नेऊन ठेवला. ते मला अजून आठवतं आणि लागतं.

आता केनियाचं. आम्ही किसुमूजवळच्या एका गावात होतो, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बसवायची, मुलांबरोबर गाणी, बायबलच्या गोष्टी आणि संध्याकाळी प्रार्थना, असा कार्यक्रम. पहिल्या दिवशी आम्ही सगळे खूप उत्साहात, आपण मदत करायला आलोय असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की तिथला मिस्त्री आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावताना उतार किती द्यायचा ते तो नुसतं डोळ्याने बघून सांगायचा, आम्ही मोबाईलवर लेव्हल मोजत बसलेलो. मला माझे बाबा आठवले, पोफळीचं खोड मधून चिरून पागोळ्यांखाली पन्हळ धरायचे, त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. मी त्या मिस्त्रीच्या हाताखाली गुपचूप काम केलं आणि खरं सांगू, तो दिवस सगळ्यात चांगला गेला.

पण जे मनात राहिलं ते दुसरंच. तिथल्या पास्टरच्या घरी जेवायला बोलावलं होतं. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची, आपली उकड अजून घट्ट केली तर होईल तशी, सोबत पालेभाजी आणि ओमेना, सरोवरातले बारीक सुकवलेले मासे, वासाने मी थेट आजीच्या सुकटीच्या डब्यापाशी. तर जेवणाआधी त्यांची बायको जग आणि खाली धरायला भांडं घेऊन आली, आणि एकेकाच्या समोर थोडी वाकून प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायला लागली. मला ओशाळल्यासारखं झालं, मोठी बाई, दिवसभर आमच्यासाठी राबलेली, मी उठले आणि जग घ्यायला हात पुढे केला. तिने हसून मान हलवली, जग सोडला नाही. करिबू, म्हणाली. म्हणजे या, स्वागत आहे.

बाळा, तेव्हा मला त्या कॉलेजच्या सुट्टीतला आजीचा हात दिसला, तुकडा धरलेला. इतकी वर्षं मला वाटायचं की मिशन म्हणजे आपण द्यायचं. घेता पण यावं लागतं आणि ते जास्त कठीण आहे. योहानाच्या शुभवर्तमानातलं तुला संडे स्कूलमध्ये सांगितलंय ना, येशू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. मी पेत्रच होते तिथे. त्यामुळे परवा दारात आजीने तांब्या दिला नाही तेव्हा मी एकदा मागितला आणि मग गप्प उभी राहिले. रडले थोडी, ते तुला दिसलं की नाही माहीत नाही.

आता आपल्यात चालतं का, तर ऐक. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण भजन, कीर्तन, अभंग काही सोडलं नाही, उलट ते चर्चमध्ये आणलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. आजी रविवारी टाळ घेऊन जे म्हणते ना ते त्यांच्यामुळे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला पण साडी आणि शाकाहार तिथेही सोडला नाही. आणि फक्त आपलंच नाही, इथून वर अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल ज्यू आहेत, पण घरात मराठी आणि देवाचे आभार मानायला मलिदा, म्हणजे गोड पोहे, करतात. देव बदलला किंवा वेगळा असला म्हणून पाहुण्याला पाणी द्यायची पद्धत कशाला बदलायची. जे देवाच्या जागी बसतं ते मी सोडेन, भाकरीचा तुकडा देवाच्या जागी बसलेला मला कधी दिसला नाही.

अजून एक, तुला आवडेल म्हणून. इथे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल आहे, तिथे डॉक्टर गोहीन म्हणून अमेरिकन मिशनरी होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच वेंगुर्ल्यात जन्मला, १९१९ साली. तो मोठा होऊन प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. तेव्हा तो भारतात आला म्हणायचं की परत आला, मी सारखी विचार करते. तुझं पण तसंच होईल, तू मेलबर्नचा आणि इथलाही.

घरी येऊन सगळं छान वाटलं असं पण नाही हं. पहिले दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. मामा विचारतो कशी झाली ट्रिप आणि मी म्हणते मस्त, आणि पुढे शब्दच नाही. नळ सोडला की त्या शाळेतल्या पोरी आठवतात, पिवळे डबे घेऊन चालणाऱ्या. आजीने काही विचारलं नाही, १ जूनपासून मासेमारी बंद, ताजं काही नाही, तर तिने सुकट आणि भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिली. तेव्हा कुठे मी बोलायला लागले.

निघताना तिकडे म्हणतात तुताओनाना, म्हणजे आपण भेटू. त्या पास्टरच्या बायकोला मी सांगितलं की आमच्यात पण जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. तिने ते तीन-चारदा म्हणून बघितलं, येते, येते. आणि माझ्या डब्यात शेंगदाणे भरले, रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तिला मी सांगितलंच नव्हतं. चर्चमध्ये रिपोर्ट द्यायचाय तेव्हा पहिला फोटो टाकीचा नाही लावणार, त्या जगचा लावणार.

मी रविवारी पोचते. पप्पांना सांग तांदळाचं पीठ वरच्या कप्प्यात आहे, भाकरी कशीही थापली तरी चालेल. तू दारात तांब्या घेऊन उभा राहा, मी सँडल काढून थांबेन. पाणी कोमट घे, तिकडे थंडी आहे. तुकडा मागच्या अंगणात टाक, मॅगपाय खातील. आणि मग तुला सुचेल तशी प्रार्थना म्हण, मराठीत जमली तर मराठीत, नाहीतर इंग्लिशमध्ये.

येते,
आई